विमानातली उरलेली सीट कुणाची?

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाला आणि ठाण्या-बेलापूरच्या घराघरांत एक जुना सल्ला नव्याने फिरू लागला. आता दोन विमानतळ झाले, विमानं वाढणार, सीटा रिकाम्या राहणार. मग महिनाभर आधी तिकीट काढून पैसे अडकवायचे कशाला? बॅग भरायची, थेट काउंटर गाठायचं आणि विमान सुटता सुटता उरलेली सीट पडत्या भावात पदरात पाडून घ्यायची. मुलगा किंवा लेक अमेरिकेत असलेल्या घरांत हा सल्ला जास्त ऐकू येतो, कारण स्टँडबायच्या, म्हणजे आरक्षणाशिवाय जाऊन उरलेल्या सीटवर बसण्याच्या, जुन्या गोष्टी तिकडून येतात.

हा सल्ला कुणी मनावर घेऊ नये, असं मला अगदी ठामपणे वाटतं. आपल्याकडे स्टँडबायने पैसे वाचत नाहीत, उलट जातात. पण एवढं सांगून थांबणं मला पटत नाही. ही वाट आपोआप बुजलेली नाही, कुणीतरी हिशोब मांडून ती बंद केली आहे. आणि तिचा एक लहानसा भाग पुन्हा उघडायला हवा. सुटीला निघालेल्यांसाठी नव्हे. ज्यांना आज रात्रीच निघावं लागतं त्यांच्यासाठी.

आधी जुन्या गोष्टींबद्दल. त्या खऱ्या आहेत. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्या तरुण मुलांना निम्म्या भाड्यात नेत असत, अट एवढीच की सीट उरली तर. २६ सप्टेंबर १९७७ रोजी ब्रिटिश विमान कंपनीचे मालक फ्रेडी लेकर यांचं ‘स्कायट्रेन’ हे विमान लंडनजवळच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला निघालं. एका बाजूचं भाडं ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही. तिकीट त्याच दिवशी रांगेत उभं राहून घ्यायचं. लोक त्यासाठी पथाऱ्या टाकून बसत. धास्तावलेल्या मोठ्या कंपन्यांनीही अटलांटिकपारच्या मार्गांवर स्टँडबायची स्वस्त भाडी काढली. फेब्रुवारी १९८२मध्ये लेकर यांची कंपनी बुडाली.

हे सगळं शक्य होतं, कारण त्या काळी भाडी सरकारं आणि कंपन्यांच्या संघटना मिळून ठरवत आणि विमानं अर्धवट रिकामी उडत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शंभरातल्या चाळीस-पन्नास सीटा मोकळ्या जात. त्यावर मिळतील तेवढे पैसे पदरात पाडून घेणं कंपनीला परवडत होतं.

मग हिशोब बदलला. १९७२ साली केनेथ लिटलवुड या ब्रिटिश विमान कंपनीतल्या गणितज्ञाने एक साधा नियम मांडला: स्वस्त तिकीट तोवरच विकत राहावं, जोवर त्याचे पैसे नंतर येऊ शकणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकाच्या अपेक्षित पैशांहून जास्त आहेत. तो आकडा उलटला की स्वस्त विक्री बंद. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं, संगणक आले आणि ऐंशीच्या दशकात हा नियम प्रत्येक उड्डाणाला रोज, तासातासाला लावता येऊ लागला. सवलत शेवटच्या तासातून उचलून महिनाभर आधी नेऊन ठेवली गेली. आधी पैसे भरणाऱ्याला स्वस्त, ऐनवेळी येणाऱ्याला महाग. आज आपण ज्याला विमान तिकिटाची सर्वसाधारण रीत समजतो, ती जेमतेम चाळीस वर्षांची आहे.

या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा वाद तिथेच आहे. शेवटच्या दिवशी मोकळी दिसणारी सीट ही न खपलेला माल नसते. ती राखून ठेवलेली असते. अडलेल्या माणसासाठी राखलेली असते, म्हणजे त्याला सोय व्हावी म्हणून नव्हे. तो सांगाल ते पैसे देईल म्हणून. मंडईत रात्री नऊला मेथीची जुडी दहा रुपयांत मिळते, तोच न्याय विमानाला लागू होईल असं मानून घराबाहेर पडणारा माणूस इथे गोत्यात येतो. भाजीवाल्याला उद्या ती जुडी विकता येत नाही, तशीच विमान कंपनीलाही आजची सीट उद्या विकता येत नाही, हे खरं. पण रात्री नऊला येणारा प्रत्येक जण जीव मुठीत धरून मेथी घ्यायला आलेला असता, तर मेथीचा भाव काय असता, याचा विचार करावा.

आपल्याकडचा अनुभव तर आणखी वेगळा आहे. इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी होती तेव्हा ‘चान्स’वर जाणारे प्रवासी असत. आमच्या ओळखीचे एक काका ग्राउंड स्टाफमधून निवृत्त होऊन ऐरोलीत राहतात. ते सांगतात, काउंटरवर चान्सची यादी लिहिलेली असायची, नो-शो, म्हणजे तिकीट काढूनही न आलेले, किती होतात ते पाहून नावं पुकारली जायची. पण भाडं पूर्ण! सवलत नाही. चान्स होता तो जागा मिळण्याचा, पैसे वाचण्याचा नव्हे. पैसे वाचायचे ते कर्मचाऱ्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे. त्यांची तिकिटं अजूनही ‘सबलो’, म्हणजे ‘सब्जेक्ट टू लोड’, असतात: लोड असेल तर खाली उतरा, लोड नसेल तर बसा. विमानतळाच्या इतक्या जवळ राहत असल्यामुळे विलेपार्ल्यापासून खारघरपर्यंत असे कर्मचारी पुष्कळ. त्यांच्या पोराबाळांनी चार आण्यांत दिल्ली पाहिल्याच्या कथा आपण ऐकतो आणि ती सोय सगळ्यांना आहे असा समज पसरतो. काकांच्या घरात लग्नाला जाताना मात्र कधीच सबलो वापरत नाहीत. मुहूर्ताला पोहोचायचं असेल तर पूर्ण पैशांचं तिकीट, हा त्यांचा नियम. ज्यांना ही सोय जवळजवळ फुकट मिळते, तेच तिच्यावर विसंबत नाहीत, यातून काय ते समजावं.

अमेरिकेतही आता स्टँडबाय राहिलंय ते मुख्यतः अशा प्रवाशांसाठी, ज्यांच्याकडे त्याच दिवसाच्या उशिराच्या विमानाचं पक्कं तिकीट आहे आणि ज्यांना आधीच्या विमानाने निघायचंय. वेळ वाचतो. भाडं आधीच भरलेलं असतं.

ठाण्याहून कुणी तरीही प्रयत्न करायचं ठरवलं तर काय होईल, ते पाहू. तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय सीआयएसएफचे जवान टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत. म्हणजे थांबायचं बाहेर, तिकीट खिडकीपाशी. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे खरोखर किती सीटा उरल्या हे कळेपर्यंत तुम्हाला आत घेण्याची वेळ टळून गेलेली असते. भाड्यात सवलत मिळाली असं घटकाभर धरलं, तरी वरचे पैसे सुटत नाहीत. इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आहेच. नवी मुंबई विमानतळावरून देशात कुठेही निघायचं तर प्रवाशामागे ६२० रुपयांची वापर-फी सुरुवातीलाच मंजूर झाली. ठाणे स्टेशनहून लोकलने जायचं म्हटलं तर नेरूळला उतरून उरणची गाडी पकडायची आणि तरघरला उतरायचं. त्या मार्गावर गाड्या मोजक्या. रात्री ओलाच करावी लागते. सीट नाही मिळाली तर तोच खर्च परतीचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि सीट मिळण्याची शक्यता किती? भारतातल्या देशांतर्गत विमानांत सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास सीटा भरतात. १८० सीटांच्या विमानात सरासरी पंचवीस-सत्तावीस मोकळ्या. ऐकायला बऱ्या वाटतात. पण सरासरी ही मंगळवारी दुपारची आणि शुक्रवारी संध्याकाळची मिळून असते. तुम्हाला जेव्हा जायचं असतं, तेव्हाच सगळ्यांना जायचं असतं.

दोन विमानतळांमुळे भाव पडतील, ही आशाही मला खरी वाटत नाही. धावपट्ट्या वाढल्या, पण विकणारे वाढलेले नाहीत. देशातला ६० टक्क्यांहून जास्त प्रवासी एका कंपनीकडे आहे, आणि दुसरा समूह धरला तर दोघांचा वाटा ९० टक्क्यांच्या जवळपास जातो. दोनच दुकानं असलेल्या बाजारात शेवटच्या तासाला घासाघीस कोण करणार?

त्यामुळे ज्याला खरोखर पैसे वाचवायचेत त्याने तारीख सैल ठेवावी, पण तिकीट आधी काढावं. मधल्या वारी जावं, पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्यावं, परतीचं भाडं वेगळं तपासावं. यात काही गुपित नाही. सैल वेळेची किंमत मिळते ती तिकीट काढताना. काउंटरवर गेल्यावर नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. पुढचं कदाचित पटणार नाही.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास मी विमानतळाच्या बाहेर तिकीट खिडकीशी उभा होतो. माझ्या पुढे कळव्याचे एक बहीण-भाऊ होते. बहिणीचा नवरा नागपुरात अतिदक्षता विभागात होता. बाईंच्या हातात औषधांची पिशवी होती, बाकी सामान काही नाही. खिडकीतल्या मुलीने स्क्रीनकडे पाहून एका सीटचे १४ हजारांच्या वर सांगितले. भावाने विचारलं, “ताई, दोन घेतल्या तर काही कमी होईल का?” मुलीचा आवाज मऊ झाला, पण तिच्या हातात काहीच नव्हतं; भाव संगणक ठरवत होता. दोघं बाजूला झाली, फोनवर कुणाकुणाशी बोलली आणि शेवटी रात्रीच्या बसने निघाली. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यापासून ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला निदान एवढा तरी आधार आहे. ७०१ किलोमीटर रस्ता, पण विमानाने दीड तासात होणारा प्रवास तो रात्रभराचा.

या बाईंनी महिनाभर आधी तिकीट काढायला हवं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आधी ठरवा, स्वस्तात जा, हा नियम सहलीला न्याय्य आहे. आजारपण, मयत, अपघात, अचानक आलेला मुलाखतीचा ईमेल यांना तो लावला की त्याचा अर्थ एवढाच उरतो: ज्याला पर्याय नाही, त्याच्याकडून सर्वात जास्त घ्या. आणि त्याच वेळी ज्या सीटसाठी असा गिऱ्हाईक शेवटपर्यंत आलाच नाही, ती रिकामी उडू द्या.

रेल्वेने हा प्रश्न कसा हाताळला, ते आपण सगळे जाणतो. रेल्वेतही लूट कमी नाही. तत्काळ आहे, प्रीमियम तत्काळ आहे, सप्टेंबर २०१६पासून राजधानी-शताब्दी-दुरांतोंना मागणीनुसार चढणारं भाडं आहे. पण रेल्वेत करंट बुकिंगही आहे. चार्ट लागला, बर्थ उरले, तर ते खिडकीवर किंवा मोबाइलवर मिळतात, नेहमीच्या भाड्यात, आणि २०१७पासून मूळ भाड्यात १० टक्के सवलतही ठेवली गेली. उरलेली जागा ऐनवेळी आलेल्याची, ही समजूत तिथे व्यवस्थेतच आहे. विमानाला करंट बुकिंग का असू नये?

असं कधी झालंच नाही, अशातलाही भाग नाही. जून २०१६मध्ये, एअर इंडिया सरकारी होती तेव्हा, दिल्लीहून मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि बंगळुरू या मार्गांवर, विमान सुटायला चार तास उरले की मोकळ्या सीटा राजधानी एक्स्प्रेसच्या एसी फर्स्टच्या भाड्याच्या बरोबरीने विकायची योजना काढली होती. राजधानीचं वेटिंग असलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ती आखली होती. काही महिन्यांपुरतीच होती. पण शेवटच्या चार तासांतली सीट ठरलेल्या भावात विकता येते, आकाश कोसळत नाही, एवढं तिने दाखवलं.

माझी मागणी याहून लहान आहे. प्रत्येक देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर बंद होताना ज्या सीटा उरतील, त्यातल्या काही अंतरानुसार ठरलेल्या भाड्यात चान्सच्या प्रवाशाला द्याव्यात. नाव आदल्या चोवीस तासांत मोबाइलवर नोंदवायचं, नोंदीवर टर्मिनलमध्ये येऊ द्यायचं, सामान फक्त हातातलं. कारण विचारू नये. मृत्यूचा दाखला मागणारी सवलत मला नको. दुःखात असलेल्या माणसाला काउंटरवर कागद दाखवायला लावणं वाईटच. परदेशात अशी शोकसवलत आहे, कॅनडात अजून दिली जाते, आणि तिच्या अटींवरून भांडणं न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत. त्यापेक्षा एक आधार क्रमांक, वर्षातून दोनदा, एवढी मर्यादा पुरे.

कंपन्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: मग सगळेच शेवटपर्यंत थांबतील. हे खरं असतं तर रेल्वेचं आरक्षण कधीच बंद पडायला हवं होतं. सीट मिळेलच याची हमी नाही, विमान निवडता येत नाही, बॅग टाकता येत नाही, वर्षातून दोनदाच. अशा अटींवर कुठली कंपनी आपल्या अधिकाऱ्याला मीटिंगला पाठवेल? कुठलं कुटुंब गोव्याचं हॉटेल बुक करून चान्सवर बसेल? लिटलवुडच्या हिशोबातलं महागडं गिऱ्हाईक अढळ राहतं. चान्सवर तोच बसेल, ज्याच्यापुढे दुसरी वाट रात्रीची बस आहे.

दुसरं उत्तर थोडं अधिक गंभीर आहे. भाडी ठरवणं हा कंपन्यांचा अधिकार आहे आणि सरकारने त्यात शिरलं की कंपन्या मार्गच बंद करतात. या भीतीत तथ्य आहे. उडान योजनेत एका तासाच्या अंतराला अडीच हजारांची मर्यादा घातली आणि सरकारी अनुदान संपलं की अनेक मार्ग बंद पडले. आपल्या कोकणातल्या चिपी विमानतळाचा अनुभव ताजा आहे. म्हणून सरसकट मर्यादेच्या बाजूने मी नाही. पण सरकार शिरू शकत नाही, हे मात्र कुणी म्हणू नये. करोनात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाड्यांना खालची आणि वरची रेघ होती. डिसेंबर २०२५मध्ये वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांवरून हजारो उड्डाणं रद्द झाली, भाडी गगनाला भिडली, आणि ६ डिसेंबरला केंद्राने मर्यादा घातलीच: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२ हजार, १,५०० पर्यंत १५ हजार, त्यापुढे १८ हजार. गोंधळ देशभराचा असला की हस्तक्षेप योग्य, आणि एका घरावर आभाळ कोसळलं की बाजाराचा नियम, हा भेद मला मान्य नाही.

नियम करायला जागाही आहे. पक्कं तिकीट असूनही ओव्हरबुकिंगमुळे प्रवाशाला बसू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमांनुसार १० हजारांपर्यंत आणि चोवीस तासांहून उशीर झाल्यास २० हजारांपर्यंत भरपाई द्यावी लागते. (ही रक्कम किती जणांना ठाऊक असते? मागितली तरच मिळते, हे लक्षात ठेवावं.) म्हणजे गरजेपेक्षा जास्त सीटा विकल्या तर काय करायचं, याचा नियम आपण केला आहे. कमी विकल्या गेल्या तर त्या सीटचं काय, याबद्दल कागदावर एक ओळ नाही. संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४मध्ये भाड्यांवर लक्ष ठेवायला स्वतंत्र यंत्रणा असावी आणि मार्गवार मर्यादेचा विचार व्हावा, अशी शिफारस केली होती. त्या चर्चेत उरलेल्या सीटचा मुद्दा जोडायला काहीच हरकत नाही.

सुरुवात नवी मुंबईपासून करता येईल. हा विमानतळ नुकता सुरू झालाय, सवयी अजून पडायच्या आहेत. शिवाय तो पूर्ण खासगी नाही. ७४ टक्के अदानी समूहाचे आणि २६ टक्के सिडकोचे. सिडको म्हणजे राज्य सरकार, आणि जमीन गेली ती उलव्या-पनवेलच्या गावांची. तेव्हा इथल्या माणसाने त्या टर्मिनलकडे काही मागणं ही मेहेरबानीची याचना नाही. नागपूरच्या मार्गावर वर्षभर चान्सच्या सीटा देऊन पाहाव्यात, आणि त्या प्रवाशाची वापर-फी विमानतळाने सोडावी. विमानतळांचे दर ठरवणारं ‘एरा’ हे प्राधिकरण पक्के दर ठरवण्याआधी लोकांकडून लेखी हरकती-सूचना मागवतं. विमान कंपन्या आणि विमानतळ चालवणारे आपली बाजू तिथे दरवेळी वकिली तयारीनिशी मांडतात. ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेलच्या प्रवासी संघटना लोकलच्या फेऱ्यांसाठी रेल्वेला जशी निवेदनं देतात, तसं एक निवेदन यावेळी तिकडेही जाऊ द्या.